उठून उभे राहिल्यानंतर

रुग्णालयाच्या पलंगावर पडून माणूस जी तौबा करतो, ती खरी असते काय? हा प्रश्न कित्येकांना निष्ठुर वाटेल. पण आपल्या घराघरांतून तो शब्दांत न मांडताही रोज विचारला जातो. एखाद्या पहाटे छातीत कळ येते, घाम फुटतो, डावा हात जड पडतो. शेजाऱ्याची गाडी, तालुक्याच्या दवाखान्यातला ईसीजी आणि मग मोठ्या शहराकडे धाव. किंवा गाठीचा तुकडा तपासणीला जातो आणि अहवाल येईपर्यंत घरात कोणी पोटभर जेवत नाही. वर्षानुवर्षे ज्याने जुम्याखेरीज मशिदीचा उंबरठा ओलांडला नाही, तोही त्या दिवसांत बोटांच्या पेरांवर तसबीह मोजू लागतो. या वेळी वाचव, पुढे तुझाच होऊन राहीन, असे तो मनोमन अल्लाहला सांगतो. अल्लाह वाचवतो. दोन-तीन महिने घराचे रूप पालटते. मग दुकान, शेत, मुलांची फी, लग्नकार्ये एकेक करून परत येतात. एके दिवशी फजरची अजान होते आणि तो कूस बदलून झोपतो. घरातले कोणीतरी थट्टेने म्हणते, मरणाच्या भीतीने मौलाना झाले होते. भीती गेली, मौलानाही गेले.

या थट्टेमागे एक निवाडा दडलेला आहे. भीतीपोटी जागलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, असे थट्टा करणाऱ्याला म्हणायचे असते. अधिक वाईट हे की खुद्द आजारातून उठलेला माणूसही हळूहळू तोच निवाडा मान्य करतो. आपले ते रडणे म्हणजे औषधांच्या गुंगीतला हळवेपणा होता, अशी तो स्वतःची समजूत घालतो. एकदा अशी समजूत पटली की दिलेल्या शब्दांचे ओझेही हलके वाटू लागते. म्हणून हा प्रश्न गंभीरपणे घेतला पाहिजे.

पवित्र कुरआनच्या एकाच सूरहमध्ये, सूरह यूनुसमध्ये, या प्रश्नाच्या चारही बाजू आल्या आहेत. बाराव्या आयतीत माणसाची सवय सांगितली आहे. संकट आले की तो पडल्या पडल्या, बसल्या बसल्या, उभ्या उभ्या अल्लाहला हाका मारतो आणि संकट दूर झाले की जणू कधी हाक मारलीच नव्हती अशा थाटात पुढे निघून जातो. बाविसाव्या आणि तेविसाव्या आयतीत वादळात सापडलेल्या जहाजातील माणसे आहेत. लाटांनी घेरल्यावर ती निखळ मनाने एका अल्लाहलाच पुकारतात आणि किनाऱ्याला लागताच पुन्हा मनमानी सुरू करतात. नव्वदाव्या आयतीत फिरऔन आहे. नाकातोंडात पाणी जाऊ लागल्यावर त्याने ईमानाची घोषणा केली आणि ती स्वीकारली गेली नाही. आणि अठ्ठ्याण्णवाव्या आयतीत यूनुस (अ.स.) यांचे लोक आहेत. प्रकोप समोर दिसू लागल्यावर त्यांनी ईमान आणले. ते स्वीकारले गेले, प्रकोप टळला आणि एका मुदतीपर्यंत त्यांना जीवनाचा उपभोग घेऊ दिला गेला.

थोडे थांबून पाहा. भीती तर चौघांनाही होती. ज्याचे ईमान स्वीकारले गेले त्या वस्तीलाही ती होतीच. म्हणजे भीती वाटली एवढ्यावरून कुरआन कोणाला खोटे ठरवत नाही. बाराव्या आयतीतील माणसाच्या हाकेतही कुरआन दोष काढत नाही. तक्रार आहे ती हाकेनंतरच्या निघून जाण्याची. वादळातील प्रवाशांच्या पुकारण्याला तर कुरआन निखळ म्हणतो. त्या क्षणी ते खरेच बोलत होते. तहानेने व्याकूळ झालेल्या माणसाला पाण्याची जी किंमत कळते तिला कोणी खोटी म्हणत नाही. उलट तृप्त माणसापेक्षा त्याला पाणी अधिक चांगले कळलेले असते. आजारी माणसाला पलंगावर जे दिसते तेच वास्तव आहे. आपण दुर्बळ आहोत, श्वास आपल्या हाती नाही, परत जायचे आहे. निरोगी असताना आपल्याला हे दिसत नाही एवढेच.

तेव्हा थट्टा करणाऱ्याला उत्तर असे की ते ईमान खरे होते. प्रश्न पुढचा आहे. खरे होते तर त्याचे पुढे काय झाले?

बाराव्या आयतीत शरीराच्या तीन अवस्थांचा जो क्रम आला आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. आधी कुशीवर पडलेला, मग बसलेला, मग उभा. रुग्ण बरा होतो तोही याच क्रमाने. पहिले काही दिवस आडवा, मग परिचारिका उशी लावून बसवते, मग भिंतीला धरून तो चार पावले टाकतो. आयतीतील माणूस या तीनही अवस्थांत अल्लाहला पुकारतो आणि नेमका चालू लागला की विसरतो. आता सूरह आले इमरानमधील १९१वी आयत पाहा. तिथे बुद्धिमंतांचे वर्णन आहे. तेही उभे असताना, बसलेले असताना आणि कुशीवर असताना अल्लाहचे स्मरण करतात. अवस्था त्याच तीन, क्रम उलटा. त्यांचे स्मरण उभे असताना सुरू होते आणि कुशीवर पडेपर्यंत चालू राहते. भाष्यकारांनी या क्रमाची अनेक कारणे दिली आहेत. आजारातून उठलेल्या माणसाला मात्र यात आपल्या प्रवासाची दिशा सापडावी, असे मला वाटते. तो कुशीवरून उभा राहिला आहे. आता उभ्याने सुरुवात करण्याची संधी त्याला मिळाली आहे.

ही संधी आपण बहुधा एका सौद्यात घालवून बसतो. आयसीयूच्या बाहेर मन्नती मागितल्या जातात. वाचले तर उमरा करू, बकरा कापू, इतक्या गरिबांना जेवू घालू. आपल्या भागात तर कोणत्या दर्ग्यावर कोणती चादर, याचीही बोलणी होतात. अल्लाहखेरीज इतर कोणाच्या नावे मन्नत करणे मुळातच योग्य नाही. आणि अल्लाहच्या नावे अशी अटीची मन्नत करण्यालाही आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उत्तेजन दिलेले नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसचा आशय असा की मन्नतीने नशिबातले काही टळत नाही. तिच्यामुळे कंजूष माणसाच्या हातून तेवढे काहीतरी बाहेर पडते. किती अचूक निदान आहे हे! मात्र आज्ञापालनाची मन्नत एकदा केली की ती पूर्ण करणे बंधनकारक आहे आणि ती पूर्ण करणाऱ्यांची सूरह दहरमध्ये प्रशंसा आहे. म्हणून ज्यांनी केली आहे त्यांनी ती फेडावी आणि फेडणे शक्य नसेल तर कफ्फाऱ्याविषयी जाणकार आलिमांना विचारावे. पण ती फेडली की हिशेब मिटला, असे समजू नये. बकरा कापला, मोहल्ल्यात मटण वाटले आणि दुसऱ्या दिवशीपासून जुना माणूस परत आला, तर आजारपण वाया गेले.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. वाचलेल्या माणसाला वाटू लागते की अल्लाहने आपल्याला निवडले. भेटायला येणारेही तेच म्हणतात, तुमच्या हातून काही पुण्य झाले असेल म्हणून वाचलात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण शेजारच्या खाटेवर तिशीतली एक आई होती, ती वाचली नाही. तिच्या मुलांनी हे वाक्य ऐकले तर त्यांनी काय समजावे?

प्रेषितांच्या दोन सोबत्यांची उदाहरणे इथे शेजारी शेजारी ठेवावीत. दोघेही जगात असतानाच स्वर्गाची शुभवार्ता मिळालेल्या दहा जणांपैकी. ह. अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांना प्रेषितांनी या उम्मतचे विश्वस्त म्हटले होते. हिजरी १८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमारास, शाममध्ये अमवासची प्लेगची साथ आली. तिच्यात ते गेले, त्याच साथीत ह. मुआज बिन जबल (रजि.) हेही गेले. दुसरे ह. साद बिन अबी वक्कास (रजि.). ते गंभीर आजारातून उठले आणि त्या दहा जणांत सर्वांत शेवटी, हिजरी ५५ च्या सुमारास वारले. जो गेला तो नावडता आणि जो राहिला तो लाडका, असे म्हणण्याची कोणाची हिंमत आहे? आयुष्य उरणे हे प्रशस्तिपत्र नव्हे. ती एक नेमणूक आहे.

ह. साद (रजि.) यांच्या आजारपणाची हकिकत अनेकांनी वारसा कायद्याच्या संदर्भात ऐकली असेल. ती आजारपणाची हकिकत म्हणूनही वाचावी. हज्जतुल विदाचे वर्ष, हिजरी १०. मक्केत ते इतके आजारी पडले की मृत्यू समोर दिसू लागला. प्रेषित (स.) भेटीला आले. साद (रजि.) यांनी सांगितले की माझ्याकडे संपत्ती आहे आणि वारस म्हणून एक मुलगीच आहे, तर दोन तृतीयांश संपत्ती दान करून टाकू काय? उत्तर मिळाले, नाही. मग निम्मी? नाही. मग एक तृतीयांश? तेवढी चालेल, पण तीही पुष्कळ झाली. पुढे प्रेषितांनी समजावले की वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे अधिक चांगले आणि अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचा मोबदला आहे, पत्नीच्या तोंडी भरवलेल्या घासाचासुद्धा.

विचार करा, मरणाच्या दारात असलेला माणूस सर्वस्व दान करायला निघाला आहे. आपण असतो तर म्हटले असते, किती थोर ईमान! प्रेषितांनी मात्र त्याचा हात थांबवला आणि त्याचे लक्ष मुलीच्या हक्काकडे आणि पत्नीच्या घासाकडे वळवले. आजारपणात श्रद्धेला भव्य काहीतरी करण्याची ओढ लागते. मार्गदर्शन मिळते ते घराच्या आत पाहण्याचे.

मग साद (रजि.) यांनी विचारले की माझे सोबती मदीनेला परत जातील आणि मी इथेच मागे राहीन काय? त्यावर प्रेषितांनी सुचवले की कदाचित तू पुढेही जगशील, काही लोकांना तुझा लाभ होईल आणि काहींना तोटा. त्यांनी आपला हात साद यांच्या कपाळावर ठेवला, चेहऱ्यावरून व पोटावरून फिरवला आणि बरे होण्याची दुआ केली. त्या हाताचा गारवा आपल्याला पुढेही जाणवत राहिला, असे साद (रजि.) सांगत. ते बरे झाले. चारपाच वर्षांतच कादिसियाच्या लढाईत इराणच्या साम्राज्याविरुद्ध ते सेनापती होते आणि पुढे त्यांनीच कूफा शहर वसवले. पण ज्याने बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे धडधाकट होणे असे धरले आहे, त्याने इतिहासकारांनी नोंदवलेला एक तपशील विसरू नये. कादिसियाच्या वेळी साद (रजि.) पुन्हा आजारी होते. अंगावर गळवे उठली होती, घोड्यावर बसता येत नव्हते. गढीच्या वरच्या भागात पालथे पडून ते खाली हुकूम पाठवत होते आणि त्यावरून सैनिकांचे टोमणेही सोसत होते. आणखी एक गोष्ट. ही हदीस आपल्यापर्यंत ज्यांनी पोहोचवली ते त्यांचे पुत्र आमिर. वारस म्हणून एकच मुलगी आहे असे जेव्हा ते बोलले, तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता.

आता आपल्या घराकडे वळू, कारण हा विषय लिहायला घेतला तो मुख्यतः यासाठीच.

आजारातून उठलेला आपला भाऊ सुटलेल्या नमाजांची कजा अदा करू लागतो, दाढी ठेवतो, हजचा अर्ज भरतो. यांतील प्रत्येक गोष्ट चांगली आहे. पण एक कागद बहुधा त्याला आठवत नाही. वडील वारल्यानंतर तलाठ्याकडे वारसनोंद झाली, तेव्हा बहिणींची नावे सातबाऱ्यावर लागली होती. मग एका ईदला त्या माहेरी आल्या असताना त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या. कोणी जबरदस्ती केली नाही. आपली पद्धतच आहे, एवढेच म्हटले गेले. बहिणींनीही सह्या केल्या, कारण न करणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते, हे त्यांना ठाऊक होते. सूरह निसाच्या अकराव्या आयतीत अल्लाहने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे आणि त्यानंतर लगेच या अल्लाहच्या मर्यादा आहेत असे बजावले आहे. कोणाचाही माल त्याच्या मनापासूनच्या राजीखुशीशिवाय दुसऱ्याला हलाल होत नाही, ही प्रेषितांची शिकवण आहे. माहेर तुटण्याच्या धाकाने झालेली सही मनापासूनची असते काय, हे प्रत्येक भावाने स्वतःला विचारावे. असेच पत्नीच्या मेहेरचे. निकाहनाम्यावर रक्कम लिहिली, उधार म्हणून नोंदवली आणि तीस वर्षे तिचा विषय निघाला नाही. मयत झाल्यावर जनाज्याजवळ तिच्याकडून माफ करून घेण्याची रीत काही ठिकाणी अजून आहे. त्या घटकेला ती बाई दुसरे काय म्हणणार?

अल्लाहचे हक्क अल्लाह आपल्या कृपेने माफ करील, ही आशा बाळगता येते. माणसांच्या हक्कांचे तसे नाही. मुस्लिमच्या संग्रहातील हदीसमध्ये प्रेषितांनी खरा दिवाळखोर कोण ते सांगितले आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्ये त्या लोकांना वाटली जातील आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी बायपास शस्त्रक्रियेनंतर दोन्ही बहिणींना बोलावून त्यांचा हिस्सा चालू बाजारभावाने द्यायची तयारी दाखवली. सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. धाकटीने पैसे घेतले आणि मुलाच्या शिक्षणाला लावले. थोरली रडली, घेणार नाही म्हणाली. तिला वाटले भाऊ आता जाणार, म्हणून हिशेब मिटवतो आहे. गृहस्थांचे मुलगे नाराज झाले, कारण विकलेला तुकडा रस्त्यालगतचा होता. अद्याप त्या घरात जेवताना हा विषय टाळला जातो. तरीही थोरल्या बहिणीच्या नावे तिचा हिस्सा वेगळा काढून ठेवलेला आहे. त्या गृहस्थांना मी त्यांच्या नमाजांविषयी कधी विचारले नाही. त्यांच्या आजारपणाने त्यांना काय शिकवले, हे मला त्या जमिनीवरून कळते.

कर्जाचेही थोडक्यात सांगायला हवे. उपचारासाठी नातेवाइकांकडून, मित्रांकडून पैसे उचललेले असतात. बरे झाल्यावर देणेकरी फोन टाळू लागतो. आजारी होतो, समजून घेतील, असे तो मनाला सांगतो. एक काळ असा होता की मयताच्या डोक्यावर कर्ज असेल आणि ते फेडण्याची सोय नसेल, तर प्रेषित (स.) त्याची जनाज्याची नमाज स्वतः न पढवता सोबत्यांना पढायला सांगत. उमऱ्याआधी हे कर्ज फेडावे.

शरीरही अमानत आहे आणि तिच्या बाबतीत धार्मिक उत्साहच कधी कधी आड येतो. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत नियमाने घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडल्या तर बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पण अल्लाहवर भरवसा आहे असे म्हणून गोळ्या सोडणारे आहेत. डॉक्टरांनी मनाई केली असताना रमजानचे रोजे रेटणारे, इन्सुलिन चुकवणारे वडीलधारे तर जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात आहेत आणि त्यांचे कौतुकही होते. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहने स्वतः दिली आहे. ती नाकारणे ही अधिक श्रद्धा कशी? अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. डोक्याला जखम झालेल्या प्रवाशाला गुस्लची गरज पडली. तयम्मुम चालेल काय असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे, तेव्हा चालणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना हे कळले तेव्हा ते संतापले आणि त्या लोकांनीच त्याचा जीव घेतला, असे म्हणाले.

अमवासच्या साथीच्या वेळी ह. उमर (रजि.) शामच्या सीमेवरून परत फिरले. तेव्हा ह. अबू उबैदा (रजि.) यांनीच त्यांना विचारले होते की अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आणि त्यांनी उंटांचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी व दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच चारले जाणार. गोळीचा डबा उघडताना हा दाखला आठवावा.

या सगळ्यात एक व्यक्ती राहून जाते. आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर जिने रात्री काढल्या, जिने गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या, बिनमिठाचा स्वयंपाक वेगळा केला, भेटायला येणाऱ्या पंचवीस माणसांना चहा दिला, ती. कित्येकदा नवरा उठून बसतो आणि त्याच्या नव्या धार्मिकतेचा पहिला भार तिच्यावर पडतो. तिच्या ओढणीवर टीका, मुलांवर ओरडणे, दूरदर्शन संच बंद करण्याचे फर्मान. मुस्लिमच्या संग्रहात एक हदीसे कुदसी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह आदमच्या पुत्राला विचारील की मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. तो म्हणेल, तू तर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता, तुझी भेट मी कशी घेणार? तेव्हा सांगितले जाईल की माझा अमुक दास आजारी होता. त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच सापडलो असतो. नुसत्या भेटीची ही महती, तर महिनोन्महिने सेवा करणारीची किती असेल? तिचे गुडघे दुखतात, तिचीही रक्ततपासणी दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. आजारातून उठलेल्याच्या श्रद्धेने पहिली फेरी तिला दवाखान्यात घेऊन जाण्यासाठी मारावी.

आता उरतो भीती ओसरण्याचा प्रश्न. ती ओसरणारच. पलंगावर पडल्यावेळी डोळ्यांत जे पाणी होते ते सहा महिन्यांनी सजद्यात येत नाही, म्हणून अनेक प्रामाणिक माणसे खचतात. आपण ढोंगी आहोत असे त्यांना वाटते. ही भावना प्रेषितांचे लेखनिक ह. हंजला (रजि.) यांनाही झाली होती. ह. अबू बक्र (रजि.) यांना ते म्हणाले की हंजला मुनाफिक झाला. प्रेषितांजवळ असतो तेव्हा स्वर्ग-नरक जणू डोळ्यांनी पाहतो आणि घरी बायको, मुले, शेतीत गुंतलो की पुष्कळसे विसरतो. अबू बक्र (रजि.) म्हणाले, आमचेही तसेच होते. दोघे प्रेषितांकडे गेले. त्यांनी समजावले की तुम्ही नेहमी त्याच अवस्थेत राहिलात, तर फरिश्ते बिछान्यावर आणि रस्त्यात येऊन तुमच्याशी हस्तांदोलन करतील; पण हंजला, एक घटका अशी असते आणि एक तशी.

अबू बक्र (रजि.) यांची जर ही अवस्था होत असे, तर तुमची आमची का होऊ नये? भीतीला धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. तो फसतो आणि निराशा पदरी पडते. काही जण जुने अहवाल पुन्हा पुन्हा काढून मन हळवे करू पाहतात, तेही नको. ह. आयशा (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय कृत्य ते, जे थोडे असले तरी नियमित असते. पलंगावर दिलेल्या दहा शब्दांपैकी एकच निवडावा. फजरची नमाज, किंवा दरमहा बहिणीच्या हिश्श्याचा एक हप्ता, किंवा पत्नीच्या मेहेरची उरलेली रक्कम. मन भरून आलेले असो वा कोरडे, तो पाळावा.

यूनुस (अ.स.) यांच्या लोकांना एका मुदतीपर्यंतच मोकळीक मिळाली होती, हा शब्द आपण वर वाचला. आपल्यालाही डॉक्टरांनी जी फाईल दिली आहे तिच्यावर पुढच्या तपासणीची तारीख आहे. आजारपण पुन्हा येईल, कदाचित वेगळ्या नावाने. ह. अबू मूसा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये अशा दिवसांसाठी एक सोय आहे. दास आजारी पडला किंवा प्रवासाला निघाला की निरोगी व घरी असताना तो जे करत असे, ते त्याच्या खात्यात लिहिले जाते. पुन्हा सलाईन लागेल, हात बांधलेले असतील, ओठ हलणार नाहीत, तेव्हाही लेखणी थांबणार नाही. ती काय लिहील हे मात्र या आठवड्यातल्या फजरवर आणि या महिन्यातल्या हप्त्यावर अवलंबून आहे.